सिम आत आहे, मग नाव 'एथ' का? मोबाइल मोडेम आणि नेटवर्क इंटरफेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगल, फोनचं यूएसबी टिथरिंग आणि लॅपटॉपमधलं सिमकार्ड यांबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं लिनक्सची आहेत, कारण विचारणाऱ्यांमध्ये रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवरचं लिनक्स) वापरणारे जास्त. विंडोजवाल्यांनी आधी प्रश्न ११ वाचावा. नेटवर्क इंटरफेस म्हणजे पॅकेट पाठवण्या-घेण्यासाठी संगणकाला दिसणारं दार. त्यांची नावं आणि आदेश उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.

१. मोडेम म्हणजे तर पूर्वी कॉम पोर्ट असायचा. हे नेटवर्क इंटरफेसचं प्रकरण कुठून आलं?

बरोबर आहे. टाटा फोटॉन प्लस, रिलायन्स नेटकनेक्ट किंवा बीएसएनएलचं ईव्हीडीओ वापरलेल्यांना आठवत असेल, 'कनेक्ट' दाबलं की सॉफ्टवेअर #७७७ डायल करायचं. जीएसएमच्या डोंगलवर तोच नंबर *९९# असायचा. पलीकडे कुणी फोन उचलत नव्हतं. तो मोडेमला दिलेला इशारा होता.

लिनक्सवर अशा डोंगलला 'ऑप्शन' नावाचा ड्रायव्हर लागायचा आणि तो टीटीवाय-यूएसबी०, १, २ असे सिरियल पोर्ट तयार करायचा. काही मोडेम सीडीसी-एसीएममार्फत टीटीवाय-एसीएम० व्हायचे. पोर्ट म्हणजे एका टोकाने बाइट घाला, दुसऱ्या टोकाने काढा. त्यात आयपी पत्ता नाही, राउट नाही. पीपीपीडी हा प्रोग्रॅम त्या पोर्टवरून डायल करून पीपीपी० हा इंटरफेस उभा करायचा. थोडक्यात, नेटवर्क इंटरफेस होता, पण तो मोडेमच्या ड्रायव्हरने बनवलेला नव्हता.

या पद्धतीतली गंमत अशी की पीपीपी (डायल केलेल्या जोडणीवरून पॅकेट नेणारी बोली) मोबाइल कंपनीपर्यंत जातच नव्हतं. ते डोंगलच्या आतच संपायचं. म्हणजे संगणकाने प्रत्येक पॅकेट गुंडाळायचं आणि तीन इंचांवरच्या डोंगलने ते लगेच सोडायचं. थ्रीजीपर्यंत हे खपलं. एलटीईच्या वेगाला ही हमाली परवडेना. मग मोडेमवाल्यांनी पॅकेटसाठी वेगळी वाट दिली आणि ड्रायव्हर स्वतःच इंटरफेस बनवू लागला. मोडेमला हुकूम देण्याची वाट मात्र वेगळीच राहिली. खालचे निम्मे प्रश्न या दोन वाटांच्या गोंधळातून येतात.

२. एकच मशीन, तरी एक डोंगल डब्ल्यूवॅन० होतो, दुसरा यूएसबी० आणि तिसरा एथ१. हे कोण ठरवतं?

कर्नेलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला ड्रायव्हर. यूएसबीवरून येणारे बहुतेक मोडेम 'यूएसबीनेट' या सामायिक पायावर चालतात आणि तिथला नामकरणाचा नियम अगदी छोटा आहे. सुरुवातीला सगळ्यांचं नाव 'यूएसबी'. ड्रायव्हरने 'इथरनेट' असा झेंडा लावला असेल आणि उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची हार्डवेअरची ओळख) कारखान्यातून आलेला जागतिक पत्ता असेल, तर 'एथ'. पत्ता स्थानिक पातळीवर बनवलेला असेल, तर 'यूएसबी' तसंच राहतं. ड्रायव्हरने 'डब्ल्यूवॅन' (मोबाइल नेटवर्कचा इंटरफेस) हा झेंडा लावला असेल, तर नाव 'डब्ल्यूवॅन', शिवाय इंटरफेसवर त्याच प्रकाराची चिठ्ठीही चिकटते.

म्हणजे यूएसबी० आणि एथ१ यांच्यात फरक असतो तो मॅक पत्त्याच्या पहिल्या बाइटमधल्या एका बिटाचा. त्यावरून डोकेफोड करू नका.

डब्ल्यूवॅनचं तसं नाही. तो झेंडा वरच्या सॉफ्टवेअरला एक निरोप देतो: 'पॅकेट पाठवण्याआधी कुणीतरी मोडेमशी बोलून जोडणी करून घ्या.' एथ आणि यूएसबी यांचा निरोप असतो: 'केबल लागली आहे, डीएचसीपी मागा', म्हणजे आयपी पत्ता आपोआप मागून घ्या. आत सिम आहे की नाही, हा प्रश्न ड्रायव्हरच्या दृष्टीने दुय्यम आहे. हे एकदा ध्यानात आलं की प्रश्न ६ आणि ७ निम्मे सुटतात.

३. पण ड्रायव्हरला तरी कसं कळतं की समोर मोडेम आहे?

यूएसबी उपकरण लावताक्षणी आपली ओळख सांगतं: बनवणाऱ्याचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि आतल्या प्रत्येक इंटरफेससाठी वर्ग, उपवर्ग, प्रोटोकॉल असे तीन आकडे. ड्रायव्हरकडे या आकड्यांची यादी असते. जुळलं की तो पुढे येतो.

वर्ग ०२ म्हणजे संवादाची उपकरणं. त्यात उपवर्ग ०२ हा एसीएम, म्हणजे जुना सिरियल मोडेम. ०६ ईसीएम, ०डी एनसीएम आणि ०ई एमबीआयएम. यातला एमबीआयएम हा यूएसबीच्या मानक संस्थेने २०११ मध्ये खास मोबाइल ब्रॉडबँडसाठीच आणला. त्यामुळे ०ई दिसलं की ड्रायव्हरला शंका उरत नाही, तो सरळ डब्ल्यूवॅनचा झेंडा लावतो. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर ३.८ या आवृत्तीपासून आहे.

ईसीएम आणि एनसीएमची गोष्ट अवघड आहे. ही मानकं 'यूएसबीवरून इथरनेट' एवढंच सांगतात. लॅन अडॅप्टरही ईसीएम बोलतो आणि मोडेमही. म्हणून या ड्रायव्हरांत अपवादांची वेगळी यादी ठेवावी लागते: अमुक क्रमांकाचं उपकरण आलं तर त्याला इथरनेट समजू नका, डब्ल्यूवॅन समजा. जुन्या लॅपटॉपमधलं एरिक्सनचं एफ३५०७जी कार्ड याचं चांगलं उदाहरण आहे. ते ईसीएमच्याच ड्रायव्हरवर चालतं, पण त्याला एटी आदेशाने (मोडेमला द्यायच्या मजकुरी हुकुमाने) 'जोड' म्हटल्याशिवाय एक पॅकेट पुढे जात नाही.

तुमच्या डोंगलला कोणता ड्रायव्हर लागला ते 'एलएसयूएसबी' आदेशाला 'टी' हा पर्याय दिला की दिसतं. इंटरफेसवर डब्ल्यूवॅनची चिठ्ठी आहे का, ते सिसएफएसमधल्या (कर्नेल आपली माहिती जिथे फाइलींसारखी दाखवतं तिथल्या) त्याच्या 'यूईव्हेंट' फाइलमध्ये 'डेव्हटाइप' या ओळीत पाहा.

४. नवा ४जी मॉड्यूल घेतला. एलएसयूएसबीत दिसतो, पण इंटरफेसच येत नाही. खराब आहे का?

बहुधा नाही. क्वालकॉम चिपवरचे बरेच मोडेम क्यूएमआय नावाची खासगी बोली बोलतात आणि आपल्या सगळ्या इंटरफेसांना वर्ग एफएफ देतात. एफएफ म्हणजे 'आमचं आम्ही बघू'. त्यामुळे निदानाचा पोर्ट, जीपीएसचा पोर्ट, एटीचा पोर्ट आणि खरा नेटवर्क इंटरफेस, सगळे बाहेरून सारखे दिसतात.

म्हणून २०१२ मध्ये ३.४ कर्नेलसोबत आलेल्या क्यूएमआय-डब्ल्यूवॅन ड्रायव्हरमध्ये मॉडेलनिहाय यादी आहे: या क्रमांकाच्या मोडेमचा इंटरफेस ४ नेटवर्कचा, त्या मोडेमचा ८. उदाहरणार्थ क्वेक्टेल ईसी२५, क्रमांक २सी७सी:०१२५, त्याचा ४ क्रमांकाचा. सिरियलच्या 'ऑप्शन' ड्रायव्हरला उलट सांगावं लागतं की त्या ४ क्रमांकाला हात लावू नकोस. बाजारात नवं मॉडेल आलं की दोन्ही ड्रायव्हरांत एकेक ओळ वाढते. कर्नेलच्या बदलांच्या नोंदींत अशा ओळी रांगेने सापडतील.

तुमच्या राउटरवरचा कर्नेल त्या ओळीपेक्षा जुना असेल, तर मॉड्यूल दिसेल पण कुणी त्याला दत्तक घेणार नाही. पक्का उपाय म्हणजे नवा कर्नेल. तात्पुरता उपाय म्हणजे सिसएफएसमध्ये त्या ड्रायव्हरच्या 'न्यू-आयडी' फाइलमध्ये दोन्ही क्रमांक लिहिणे. मात्र असं केल्यावर ड्रायव्हर मोडेमचे इतर इंटरफेसही ओढायला बघतो आणि रीबूट झालं की सगळं विसरतो.

५. डोंगल लावला की सीडी ड्राइव्ह उघडतो, नेट नाही. चुकीचा डोंगल दिला का?

नाही. आत विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेली खोटी सीडी आहे. इन्स्टॉलरसाठी वेगळी चकती द्यायला नको म्हणून ही युक्ती निघाली. ठरावीक हुकूम मिळाला की डोंगल सीडी गुंडाळतो, यूएसबीवरून क्षणभर गायब होतो आणि नव्या क्रमांकाने परत येतो. हुआवेचा हायलिंक ई३३७२ आधी १२डी१:१एफ०१ असतो, मग १२डी१:१४डीसी होतो. लिनक्सवर हे काम यूएसबी-मोडस्विच करतं. ते टाकलेलं नसेल तर टाका. पहिल्या क्रमांकावर नेटवर्क ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही, त्या क्षणी ते उपकरण खरोखरच साठवणुकीचं असतं.

६. माझ्या हुआवे डोंगलमध्ये सिम आहे, सिग्नलचे दिवे लागतात, तरी लिनक्स त्याला इथरनेट म्हणतं. ही ड्रायव्हरची चूक ना?

नाही, आणि हा प्रश्न दर आठवड्याला येतो. हायलिंक डोंगल म्हणजे बोटाएवढा राउटर आहे. सिमशी बोलणं, एपीएन (मोबाइल कंपनीच्या डेटा नेटवर्कचं नाव) लावणं, जोडणी करणं, तुटली तर पुन्हा जोडणं, हे सगळं तो आतच उरकतो. तुमच्या संगणकाला तो १९२.१६८.८.१ या पत्त्यावरचा गेटवे म्हणून भेटतो आणि डीएचसीपीने खासगी पत्ता देतो. संगणकाने मोडेमशी बोलण्याची गरज नाही, मग डब्ल्यूवॅनचा निरोप कुणाला द्यायचा? घरातल्या वायफाय राउटरला लॅन केबल लावल्यावर आपण त्या केबलला 'फायबर इंटरफेस' म्हणत नाही, तसंच हे.

गोंधळ वाढतो कारण ई३३७२ नावाचे दोन वेगळे डोंगल मिळतात. शेवटी 'एच' असलेला हायलिंक. 'एस' असलेला साध्या काडीसारखा: त्याचा क्रमांक १२डी१:१५०६, ड्रायव्हर हुआवे-सीडीसी-एनसीएम, आणि त्याचा इंटरफेस बरोबर डब्ल्यूवॅन होतो. खोक्यावरचं चित्र सारखंच. विकत घेताना शेवटचं अक्षर वाचा.

हायलिंकचे तोटे खरे आहेत, पण ते वर्गीकरणाचे नाहीत. पत्त्याचं भाषांतर दोनदा होतं, बाहेरून आत येता येत नाही, सिग्नलची ताकद बघायला त्याचं वेबपान उघडावं लागतं.

एका वाचकाचा उपप्रश्न होता: दोन हायलिंक एकाच पायवर लावले तर? दोघांचा मॅक पत्ता बहुधा एकच निघतो, ०सी:५बी:८एफ:२७:९ए:६४, कारण पुष्कळ डोंगलांत तोच भरलेला आहे. वर दोघांचा गेटवेही १९२.१६८.८.१. मॅकवरून नाव द्यायची सोय चालू असेल तर एकाला नाव मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही. एकाच्या वेबपानावर जाऊन त्याचा आयपी गट बदला आणि नाव यूएसबीच्या भौतिक पोर्टवरून देणारा नियम लिहा. त्यापेक्षा दोन 'एस' काड्या घेतल्या असत्या तर बरं, पण हे मी नेहमी खरेदी झाल्यावरच सांगतो.

७. फोन यूएसबीने टिथर केला. तोही मोबाइल डेटाच. मग तो डब्ल्यूवॅन का नाही? आणि मध्यंतरी एका अपडेटनंतर तो डब्ल्यूवॅन० झाला आणि नेटच बंद पडलं, ते काय होतं?

पहिला भाग सोपा. फोन हा इथे हायलिंकसारखा राउटर आहे. जोडणी तोच सांभाळतो. बरेच अँड्रॉइड फोन टिथरिंगला मायक्रोसॉफ्टची आरएनडीआयएस बोली वापरतात, लिनक्सवर त्यासाठी आरएनडीआयएस-होस्ट हा ड्रायव्हर लागतो आणि फोनने दिलेला मॅक पत्ता स्थानिक असल्याने यूएसबी० नाव मिळतं. काही नवे फोन एनसीएम वापरतात. आयफोनसाठी वेगळा आयपीएचईटीएच ड्रायव्हर आहे. तोही इथरनेटच, फक्त फोनवर 'विश्वास ठेवा' दाबेपर्यंत तो मुका असतो.

दुसऱ्या भागात तुम्ही सापडला असाल तर दोष तुमचा नाही. गोष्ट अशी. काही खरेखुरे मोडेमही आरएनडीआयएस बोलतात. म्हणजे आत जोडणी होण्यासाठी त्यांना वरून हुकूम लागतो, पण ड्रायव्हर त्यांना इथरनेटचा झेंडा लावत होता. नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) ते इथरनेट समजून डीएचसीपी मागत बसायचा. त्याच वेळी मोडेममॅनेजरला (मोडेमशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला) त्याच डोंगलचा सिरियल पोर्ट दिसायचा आणि तो त्यावरून वेगळी पीपीपी जोडणी काढू बघायचा. एका बैलाला दोन नांगर.

हे निस्तरण्यासाठी २०२५ च्या पहिल्या सहामाहीत कर्नेलमध्ये बदल आला: मोबाइल ब्रॉडबँड मोडेम वाटणाऱ्या आरएनडीआयएस इंटरफेसांना डब्ल्यूवॅनचा झेंडा लावायचा. हेतू योग्य होता. पण टिथर केलेले फोनही यूएसबीवर तसलीच ओळख सांगतात. ते एका रात्रीत डब्ल्यूवॅन झाले. मग नेटवर्कमॅनेजर मोडेममॅनेजरच्या होकाराची वाट बघू लागला, आणि फोन हुकूम घ्यायला कोणताच पोर्ट देत नसल्याने मोडेममॅनेजरला मोडेम सापडेना. तक्रारी आल्या आणि तो बदल त्याच वर्षी मागे घेतला गेला. स्थिर आवृत्त्यांमध्येही तो झिरपला होता, त्यामुळे ज्यांनी मधलाच अपडेट घेऊन पुढचे थांबवले ते अजून अडकलेले सापडतात. कर्नेल अद्ययावत करा, बस्स.

मला स्वतःला तो बदल पटला होता आणि मागे घेणंही पटलं. यूएसबीवरच्या तीन आकड्यांतून 'जोडणीची जबाबदारी कुणाची' हे कळत नाही, आणि ड्रायव्हरला नेमकं तेच हवं असतं.

८. डब्ल्यूवॅन० आला. डीएचसीपी चालवला. पत्ता येत नाही. आता?

प्रश्न २ मधला निरोप आठवा: आधी मोडेमशी बोला. क्यूएमआय आणि एमबीआयएम मोडेम डब्ल्यूवॅन० सोबत सीडीसी-डब्ल्यूडीएम० नावाचं एक उपकरण देतात. हुकुमाची वाट ती. तिच्यातून एपीएन सांगून जोडणी उभी केली की मगच डब्ल्यूवॅन० मधून पॅकेट वाहतात. हे काम मोडेममॅनेजरवर सोपवा, किंवा ओपनडब्ल्यूआरटीवर क्यूएमआय वा एमबीआयएमचा प्रोटोकॉल निवडा.

आयपी पत्ताही बऱ्याचदा डीएचसीपीने न येता त्या हुकुमाच्या उत्तरातच येतो. एमबीआयएममध्ये तर तीच रीत आहे. म्हणून डब्ल्यूवॅनवर हाताने डीएचसीपी क्लायंट सोडणं ही सवय मोडा.

याच कारणाने नेटवर्कमॅनेजरच्या यादीत 'जीएसएम' प्रकारासमोर डब्ल्यूवॅन० ऐवजी सीडीसी-डब्ल्यूडीएम० दिसतं. पुष्कळांना तो दोष वाटतो. त्याच्या लेखी मोडेम म्हणजे हुकुमाचं दार, आणि डब्ल्यूवॅन० हा त्याचा डेटाचा नळ.

९. डब्ल्यूवॅन० चा मॅक पत्ता दर वेळी वेगळा का? आणि तो ब्रिजमध्ये (दोन इंटरफेस एकाच नेटवर्कात जोडणाऱ्या सोयीत) का जात नाही?

कारण मोबाइल नेटवर्कमध्ये मॅक पत्ता नसतोच. तिथे इथरनेट नाही, एआरपी नाही, शेजारी नाहीत. फक्त तुम्ही आणि पलीकडचा गेटवे. एमबीआयएममध्ये तारेवरून नुसतं आयपी पॅकेट जातं. लिनक्सचा ड्रायव्हर वरच्या सॉफ्टवेअरची सोय म्हणून त्यावर इथरनेटचं खोटं शीर्षक चढवतो आणि जाताना काढतो. मॅक पत्ता त्या नाटकातला मुखवटा आहे, ड्रायव्हरने बनवलेला. तो मोबाइल कंपनीला कळवून 'रजिस्टर' करण्याची गरज नाही. असं विचारणारे दोघे तरी भेटले.

क्यूएमआयचे जुने मोडेम इथरनेटचं शीर्षक स्वतः समजून घ्यायचे. नव्या चिपांनी ते बंद केलं, त्यांना नुसतं आयपी लागतं. त्यासाठी ४.५ कर्नेलपासून क्यूएमआय-डब्ल्यूवॅनमध्ये 'रॉ-आयपी' नावाचा खटका आहे. तो 'वाय' केला की इंटरफेसचा मॅक पत्ताच नाहीसा होतो. मोडेम जोडला जातो, पत्ता मिळतो, पण एकही बाइट परत येत नाही, असं दिसलं तर पहिला संशय या खटक्यावर घ्या. मोडेममॅनेजर तो आपोआप लावतो; हाताने लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट लावत नाहीत. मी एक संध्याकाळ अँटेना बदलण्यात घालवली आहे, दोष या एका अक्षराचा होता.

ब्रिजचं उत्तर यातच आलं. ब्रिज मॅक पत्त्यांवर चालतो आणि इथे ते एकतर खोटे आहेत किंवा नाहीतच. राउटिंग आणि पत्त्याचं भाषांतर वापरा.

१०. माझ्याकडे डब्ल्यूवॅन० नाहीच, डब्ल्यूडब्ल्यूपी०एस२०यू४आय६ असलं काहीतरी आहे.

तोच इंटरफेस आहे. सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) कर्नेलचं नाव बदलून पोर्टच्या जागेवरून नाव देतो. सुरुवातीची दोन अक्षरं प्रकार सांगतात: इथरनेटला 'ईएन', वायफायला 'डब्ल्यूएल', डब्ल्यूवॅनला दोन डब्ल्यू. हा प्रकार तो ड्रायव्हरच्या चिठ्ठीवरूनच घेतो, म्हणून नाव लांबलं तरी पहिली दोन अक्षरं वाचून प्रश्न २ चं उत्तर मिळतं.

११. विंडोजमध्ये एका डोंगलला 'सेल्युलर' दिसतं, दुसऱ्याला 'इथरनेट'. फरक पडतो का?

पडतो, आणि खिशाला पडतो.

विंडोज ७ पासून मोबाइल ब्रॉडबँडसाठी ड्रायव्हरचा वेगळा साचा आहे. त्यात ड्रायव्हर स्वतःचं माध्यम 'वायरलेस वॅन' असं जाहीर करतो आणि इंटरफेसचा प्रकार जीएसएम कुळासाठी २४३, सीडीएमए कुळासाठी २४४ असा नोंदवतो. साध्या इथरनेटचा आकडा ६ आणि पीपीपीचा २३. विंडोज ८ पासून एमबीआयएमचा ड्रायव्हर विंडोजसोबतच येतो, त्यामुळे तसा मोडेम लावला की काही न टाकता 'सेल्युलर' दिसतं. जुना डायल करणारा डोंगल डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मोडेम्स' आणि 'पोर्ट्स' खाली सापडतो. हायलिंक किंवा फोन आरएनडीआयएसने आला की 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली सापडतो आणि इथरनेट ठरतो.

२४३ ठरलेल्या जोडणीला विंडोज मूळचीच 'मीटर्ड' (मोजका डेटा असलेली) धरतं आणि मोठे अपडेट रोखून ठेवतं. ६ ठरलेल्या जोडणीला तसं धरत नाही. दिवसाला दीड जीबीचा पॅक सकाळी साडेनऊला संपला अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो. इथरनेटलाही 'मीटर्ड' करण्याची सोय विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटपासून, म्हणजे २०१७ पासून, सेटिंग्जमध्ये आहे. हायलिंक आणि फोनसाठी ती हाताने चालू करा.

'नेटएसएच एमबीएन' कुटुंबातले आदेश इथरनेट ठरलेल्या डोंगलवर काहीच दाखवत नाहीत, तेही याच कारणाने.

१२. लिनक्सवर घरचं ब्रॉडबँड चालू असताना डेटा डोंगलमधून का जातो?

नेटवर्कमॅनेजर प्रकार बघून प्राधान्य ठरवतो: इथरनेटला १००, वायफायला ६००, मोडेमला ७००. आकडा लहान तो आधी. खरा डब्ल्यूवॅन मोडेम त्यामुळे वायफायच्याही मागे उभा राहतो, जे आपल्याला हवंच असतं. हायलिंक इथरनेट ठरल्याने त्याला १०० च्या आसपासचा आकडा मिळतो आणि तो वायफायला मागे टाकतो. त्या जोडणीचा राउट-मेट्रिक हाताने ७०० च्या वर न्या आणि 'मीटर्ड' हो करा.

'मीटर्ड'चा अंदाज नेटवर्कमॅनेजरही प्रकारावरूनच बांधतो. एक छान अपवाद: अँड्रॉइड फोन डीएचसीपीच्या उत्तरात 'अँड्रॉइड-मीटर्ड' अशी खूण पाठवतो, ती दिसली तर इथरनेट असूनही जोडणी मीटर्ड धरली जाते. हायलिंककडून अशी खूण येत नाही.

१३. लॅपटॉपच्या आतल्या मोडेमला यूएसबीच नाही, तो पीसीआयईवर (संगणकाच्या आतल्या जोडमार्गावर) आहे. मग वरचे नियम लागू?

नावाचे लागू, यंत्रणेचे नाही. यूएसबीनेट इथे नाहीच. पीसीआयई मोडेमसाठी लिनक्स ५.१३ मध्ये, २०२१ साली, 'डब्ल्यूवॅन' हा स्वतंत्र सांगाडा आला. त्याखाली इंटेलचा आयओएसएम ५.१४ मध्ये, मीडियाटेकचा टी७एक्सएक्स ५.१९ मध्ये आणि क्वालकॉमचे एमएचआय ड्रायव्हर चालतात. हुकुमाचे पोर्ट आता एकाच छपराखाली, डब्ल्यूवॅन०एमबीआयएम०, डब्ल्यूवॅन०एटी० अशा नावांनी येतात. उपकरणाचं नाव डब्ल्यूवॅन० आणि नेटवर्क इंटरफेसचंही डब्ल्यूवॅन०, ही मात्र कुणाची कल्पना होती देव जाणे.

इथे ड्रायव्हरने अंदाज करण्याचा प्रश्नच येत नाही. सांगाड्यात नाव नोंदवलं की तो मोडेमच.

इंटरफेस, पोर्ट सगळं दिसतं पण रेडिओ चालू होत नाही, असं असेल तर एफसीसी लॉक तपासा. काही लॅपटॉपकंपन्या मोडेमला कुलूप घालून पाठवतात आणि ते सॉफ्टवेअरने काढावं लागतं. मोडेममॅनेजरसोबत त्याच्या स्क्रिप्ट येतात, पण त्या आपण मुद्दाम चालू कराव्या लागतात.

१४. एकाच सिमवर दोन एपीएन हवेत, कंपनीचा आणि साधा. डब्ल्यूवॅन० एकच. दुसरा कुठून आणू?

एमबीआयएममध्ये एका मोडेमवर अनेक सत्रं चालतात, आणि यूएसबीच्या ड्रायव्हरने ती व्हीलॅनच्या (एकाच इंटरफेसवर चालणाऱ्या वेगळ्या नेटवर्कांच्या) आकड्यांत बसवली आहेत. सत्र ० म्हणजे बिनशिक्क्याचं डब्ल्यूवॅन०. सत्र १ हवं तर डब्ल्यूवॅन० वर व्हीलॅन १ बनवा. २५५ पर्यंत असंच. २५६ ते ५११ हे आकडे आयपी सोडून इतर डेटाप्रवाहांसाठी राखीव आहेत. हवेत व्हीलॅन वगैरे काही जात नाही, प्रश्न ९ मधल्या नाटकाचाच हा दुसरा अंक. पीसीआयईच्या नव्या सांगाड्यात यासाठी सरळ 'डब्ल्यूवॅन' प्रकारचा नवा दुवा क्रमांक देऊन बनवता येतो. ते जास्त स्वच्छ आहे.

१५. माझ्या ईसी२५ ला मीच प्रकार निवडून देऊ शकतो का?

हो. एटी पोर्टवर क्यूसीएफजी आदेशातला 'यूएसबीनेट' हा आकडा बदलायचा: ० म्हणजे क्यूएमआय, १ ईसीएम, २ एमबीआयएम, ३ आरएनडीआयएस. मोडेम पुन्हा चालू केला की तो नव्या ओळखीने येतो आणि वेगळा ड्रायव्हर त्याला घेतो. तीच चिप, तेच सिम, पण ० आणि २ वर डब्ल्यूवॅन०, १ वर यूएसबी० किंवा एथ१.

ईसीएमवर मोडेम स्वतः राउटर होतो आणि १९२.१६८.२२५ ने सुरू होणारा पत्ता देतो. तरी त्याचे एटी पोर्ट उघडेच राहतात, म्हणजे मोडेममॅनेजरला तो मोडेमच वाटतो आणि नेटवर्कमॅनेजरला इथरनेट. प्रश्न ७ मधली दोन नांगरांची गत. ईसीएम ठेवायचंच असेल तर मोडेममॅनेजरला त्या क्रमांकाकडे दुर्लक्ष करायला सांगणारा यूडेव्ह नियम (उपकरण लागताच लागू होणारा) लिहा. सिग्नल, एसएमएस, सिमचा पिन हे सगळं लागणार असेल तर २ वर ठेवा.